यंदा कोणती पोथी लावायची?

विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात. उन्हामुळे. पुण्या-मुंबईची भाचरं नव्या दप्तराचे फोटो पाठवायला लागतात तेव्हा आमच्या सावनेरला अजून कूलरमध्ये पाणी भरणं चालू असतं. म्हणजे मला एक जास्तीचा आठवडा मिळतो. त्या आठवड्यात मी एकच उद्योग करते. पलंगावर पाच-सहा पुस्तकं पसरते आणि एकेक मोठ्यानं वाचून बघते. घरातल्यांना आता सवय झालीय. पहिल्या वर्षी मात्र नवऱ्यानं, 'कोणाशी बोलतेयस?' म्हणत दोनदा डोकावून पाहिलं होतं.

तर सांगायचं म्हणजे, गेली काही वर्षं मी गावातल्या एका प्राथमिक शाळेत आठवड्यातून तीन दिवस जाते. दुसरी-तिसरीच्या मुलांना एकत्र बसवून पुस्तक वाचून दाखवते. शिकवत नाही. प्रश्नोत्तरं नाहीत, शुद्धलेखन नाही, फक्त वाचायचं आणि ऐकायचं. वेळ मिळते ती खिचडीच्या सुट्टीनंतरची, पस्तीस मिनिटांची. पोटं भरलेली, पंखा घरघरतोय, निम्म्यांचे डोळे जड झालेले. या वेळेत ज्या पुस्तकापुढे मुलं जागी राहतात ते पुस्तक चांगलं, अशी माझी सरळ समीक्षा आहे. :)

हल्ली पुण्याची आत्या, दोन मावसबहिणी आणि इथं नेमानं वाचायला येणाऱ्या मैत्रिणी सारख्या विचारतात, "लहान मुलांना वाचून दाखवायला एखादं पुस्तक सुचव ना." प्रत्येकीला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं सांगून टाकते. नावांची यादी मात्र मी देणार नाही. यादी सगळ्यांना मिळते, आणि तरी पुस्तक दुसऱ्या दिवशी बंद पडतं. मी पुस्तक कसं निवडते तेवढं सांगते.

पहिला प्रश्न हमखास असतो, की एवढ्याशा पोरांना एवढं मोठं पुस्तक कशाला? रोज एक छोटी गोष्ट सांगावी, तात्पर्य सांगावं, सुटावं. यावर मला माझी आजी आठवते. तिला सहीपुरतंच लिहिता यायचं. पण रामविजय, हरिविजय, पांडवप्रताप यातलं काहीही मधूनच विचारा, ती पुढचं सांगायची. कारण श्रावणात घरात पोथी लागायची. एकजण वाचणार, बाकीच्या बायका वाती वळत ऐकणार. रोजचा एक अध्याय. अध्याय संपला की पोथी फडक्यात बांधून देवाजवळ ठेवायची, ती उद्यापर्यंत उघडायची नाही. मग दुसऱ्या दिवशी भांडी घासताना, दळण टिपताना, काल कुठं थांबलं होतं आणि आज काय होणार याच्यावर चर्चा. आमच्याकडे आजही घरोघर गजानन विजयाचं पारायण होतं, २१ अध्यायांचं. ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेल्या किती जणी असतात, आणि त्यांना सगळा ग्रंथ माहीत असतो.

म्हणजे जाड पुस्तक रोज थोडं थोडं मोठ्यानं वाचायचं, ही काही बाहेरून आलेली टूम नाही. आपल्याकडे ती होतीच, फक्त मोठ्या माणसांसाठी. सुट्या गोष्टीत आणि पोथीत फरक एवढाच, की सुटी गोष्ट तिथंच संपते. पोथी तुम्हाला उद्या परत बोलावते. आणि आमच्या शाळेत उद्या परत येणं ही काही लहान बाब नाही. कापूस वेचणीच्या आणि संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत पोरं घरी राहतात, धाकट्याला सांभाळायला. 'गोष्टीसाठी' म्हणून आलेली दोन-चार मुलं मी दरवर्षी बघते.

गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. त्यातला मास्तर चौथीच्या हुल्लडबाज वर्गापुढे उभा राहतो आणि पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून राजाराणीची लांबच लांब गोष्ट सुरू करतो. एका दिवसात न संपणारी. वर्ग ताब्यात येतो तो त्या 'पुढे काय?'मुळे. गिजुभाई १८८५ सालचे. त्याच वर्षी, त्याच गुजरातेत, नवसारीला आणखी एक मूल जन्मलं, आणि त्याचा शेवट आमच्या गावात झाला. राम गणेश गडकरी. २३ जानेवारी १९१९ ला, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, ते इथं सावनेरला गेले. 'एकच प्याला'वाले गडकरी, 'भावबंधन'वाले गडकरी सगळ्यांना माहीत असतात. पण त्यांच्या नावावर 'चिमुकली इसापनीती' नावाचं लहान मुलांचं पुस्तकही आहे, जोडाक्षरं टाळून लिहिलेलं. मला याचं फार अप्रूप वाटतं. ज्या लेखकाचं एकेक वाक्य म्हणताना नटांची दमछाक व्हायची, त्यानं मुलांसाठी बसून जोडाक्षर न येणारे शब्द शोधले.

कारण जोडाक्षर ही आपल्याकडे पोरांची खरी भिंत आहे. दुसरीतलं मूल 'कमळ बघ' पर्यंत सुखानं येतं आणि 'स्वच्छ'पाशी अडकतं. 'असर'च्या पाहणीत मुलांचं वाचन मोजायच्या पायऱ्या असतात, आधी अक्षर, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट. आमच्या वर्गात या चारही पायऱ्यांवर मुलं बसलेली असतात, एकाच सतरंजीवर. त्यांना त्यांच्या पायरीचंच पुस्तक द्यायचं म्हटलं तर अक्षराच्या पायरीवरच्या पोराच्या वाट्याला काय येतं? 'हा मगर. हा नग.' आठ वर्षांचा पोरगा, घरी म्हशीची धार काढतो, बापाबरोबर बाजारात हिशेब करतो, आणि शाळेत त्याच्यापुढे मगर आणि नग!

कानाला ही भिंत नाही. कान डोळ्यांच्या कितीतरी पुढे धावतो. अमेरिकेत जिम ट्रिलीज नावाच्या पत्रकारानं मुलांना वाचून दाखवण्यावर एक पुस्तिका काढली, १९७९ मध्ये, स्वतःच्या खर्चानं. पुढं ती जगभर गेली. त्याचं म्हणणं असं, की मुलाची ऐकून समजण्याची पातळी आणि वाचून समजण्याची पातळी साधारण आठवीत जाऊन एकत्र येतात. तोवर ऐकणं पुढंच असतं. म्हणून माझा पहिला नियम, वाचून दाखवायचं पुस्तक मुलाच्या वाचनाच्या इयत्तेचं नको, त्याच्या कानाच्या इयत्तेचं हवं. दुसरीच्या मुलाला चौथीचं पुस्तक खुशाल वाचून दाखवावं.

आमच्याकडे एक पोरगा होता. तिसरीत, अक्षरं ओळखायचा, शब्दावर घाम फुटायचा. वर्गात मागं, भिंतीला टेकून बसणारा. त्या वर्षी आम्ही भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे लावला होता. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याची विद्याभवन शाळा, सायकल आणि ते प्रसिद्ध 'ट्टॉक'. मी वाचायला सुरुवात करण्याआधी कालपर्यंतची गोष्ट मुलांनीच सांगायची, असा आमचा रिवाज आहे. एका सोमवारी हुशार मुलींनी सांगितलेल्या गोष्टीत या पोरानं मागून तीन चुका काढल्या. कोण आधी आलं, दार कोणत्या बाजूला होतं, सगळं. त्या दिवसापासून 'मागची गोष्ट' त्याच्याकडे लागली. दोन दिवस गैरहजर राहिलेलं पोरगं आल्या आल्या त्याच्याशेजारी जाऊन बसायचं. पुस्तक संपत आलं तेव्हा एक दिवस तास झाल्यावर तो माझ्याजवळ आला, पान उघडायला लावलं, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबला आणि म्हणाला, "हे ट्टॉक हाय."

होतंच ते. 'ट्ट'! पाठ्यपुस्तकातलं जोडाक्षर त्याला येत नव्हतं, हे त्यानं स्वतः हुडकून काढलं. पुढं तो फडाफडा वाचायला लागला वगैरे मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. चौथीत तो शब्दांवर आला. पण त्याच्याबद्दल बोलताना बाईंचा 'त्याला काहीच येत नाही' हा सूर गेला. त्याचा स्वतःचाही.

आता निवडीचं.

पलंगावर पसरलेल्या पुस्तकांची मी पहिली परीक्षा घेते ती जिभेची. मधलं कुठलंही पान काढून मोठ्यानं वाचायचं. श्वास पुरत नाही, वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात विसरते, असं झालं की पुस्तक बाजूला. डोळ्यांना गोड लागणारी पुष्कळ पुस्तकं जिभेला जड असतात. अनुवादांचं तर फारच. कथा उत्तम असते, पण वाक्यांचे सांधे मराठी नसतात, आणि मोठ्यानं वाचताना ते लगेच खडखडतात.

दुसरी परीक्षा घड्याळाची. प्रकरण पंधरा-वीस मिनिटांत संपलं पाहिजे. पस्तीस मिनिटांतली दहा मागच्या गोष्टीत जातात, पाच 'मॅडम, हा ढकलून राहिला'मध्ये. प्रकरण मोठं असेल तर मी आधीच पेन्सिलीनं थांबायची जागा ठरवते. आणि ती जागा कधीच भांडण मिटल्यावरची नसते, दारावर थाप पडल्यावरची असते. श्रीधरस्वामींच्या पोथ्या ऐकलेल्यांना हे सांगायला नको.

तिसरी परीक्षा, पहिल्या दोन पानांत काही घडतंय का? गाव, डोंगर, पहाट, पक्ष्यांचा किलबिलाट यात दोन पानं गेली तर मागच्या ओळीतली मंडळी झोपतात. त्यांचं काही चुकत नाही.

चौथी, गोष्टीतलं मूल काही करतंय, की त्याला सतत कोणीतरी शिकवतंय? मराठी बालसाहित्याला संस्कारांची फार हौस. आजोबा सांगतात, गुरुजी सांगतात, झाडही सांगतं! मुलांना हे लांबून वास यावा तसं कळतं. एकदा मी एक पान वाचत असताना पुढच्या रांगेतली चिमुरडी शेजारणीला म्हणाली, "आता तात्पर्य येईन." आलंच!

पाचवी परीक्षा, 'संक्षिप्त' लिहिलेलं नको. चकचकीत कागदाच्या बत्तीस पानांत बसवलेल्या जगप्रसिद्ध कादंबऱ्या दुकानात ढिगानं मिळतात. त्यात घटना सगळ्या असतात, पण गोष्ट नसते. हाडं असतात, मांस नसतं. त्यापेक्षा पूर्ण पुस्तक घ्यावं आणि कंटाळवाणा परिच्छेद आपण वाचताना गाळावा. तो अधिकार वाचणाऱ्याचा आहे.

आणि एक परीक्षा खास आमच्या बाजूची. भाषेची. मराठी पुस्तकांतली बहुतेक मुलं पुण्या-मुंबईत नाहीतर कोकणात राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात कोथिंबीर असते, आमच्या पोट्ट्यांच्या घरी सांबार. ते भुईमुगाच्या शेंगा खातात, आम्ही फल्ली. त्यांना कंटाळा येतो, आम्हाला गमत नाही. शिवाय मध्य प्रदेशाची हद्द इथून हाकेवर, कोळसा खाणीत कामाला आलेली घरं आहेत, त्यामुळे चार-दोन मुलं घरी हिंदीच बोलतात. आता प्रत्येक शब्दाला थांबून अर्थ सांगत बसले तर गोष्टीचा पाठ होतो. मी एक उपाय काढलाय. निवेदन पुस्तकात आहे तसंच वाचायचं, एकही शब्द न बदलता. त्यांच्या कानावर ती मराठीही पडली पाहिजे. बोलणं मात्र पात्रांच्या तोंडी इथलं घालायचं. 

याचा सगळ्यात मोठा लाभ मोगलीला झाला. 'जंगल बुक' १८९४ सालचं, लिहिणारा इंग्रज, पण गोष्ट घडते ती सिवनीच्या डोंगरांत. सावनेरहून सरळ रेघ ओढली तर शंभरेक किलोमीटर. आणि मोगलीची नदी कोणती? वैनगंगा. मी फळ्यावर नकाशा काढला. आपल्या गावची कोलार नदी कन्हानला मिळते, कन्हान पुढं जाऊन वैनगंगेला मिळते. वर्ग अवाक्. ज्या नदीत पोळ्याच्या आधी बैल धुतात तिचं पाणी मोगलीच्या नदीत जातं! मग काय, तो परक्या देशातल्या लेखकाचा नायक राहिलाच नाही. लांडग्यांच्या सभेत तो अस्सल नागपुरीत बोलू लागला, "काऊन बे शेरखान, मले खाऊन राहिला का?" पुस्तकात मोगली म्हशींचा कळप दोन्हीकडून घळीत घालून शेरखानला तुडवतो. त्या प्रकरणाला वर्गात वादावादी झाली. ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्या तिघांनी शहाणपणानं सांगितलं, की म्हशी अशा पळत नसतात, त्यांना आधी बिथरवावं लागते. मग त्या कशानं बिथरतात यावर दहा मिनिटं! मी पुस्तक मिटून ऐकत बसले. हिंदी बोलणारा एक मुलगा, जो तोवर गप्प असायचा, त्यानं आपल्या नानीच्या गावात वाघानं म्हैस नेल्याची गोष्ट सांगितली. त्याच्या गोष्टीपुढे शेरखान फिका पडला.

प्राण्यांची भूक त्या वर्षी एवढी वाढली, की पुढं प्रकाश आमट्यांच्या 'रानमित्र'मधले निवडक भाग वाचले. हेमलकशाचे बिबटे, अस्वलं. हेही विदर्भातलंच, आणि खरं. "खरं हाय काय हे?" हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलाच्या लेखी सगळ्यात मोठा असतो. 'हो' म्हणताना मला जो आनंद व्हायचा!

आता अवघड भागाकडे येते. आत्यानं फोनवर विचारलं होतं, "श्यामची आई का नाही वाचत गं? त्याच्यासारखं दुसरं पुस्तक आहे का?" बरोबर आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, आणि त्याची रचनाच वाचून दाखवण्याची आहे. प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. आश्रमातली मुलं बसलीत आणि श्याम रोज रात्री एक गोष्ट सांगतोय. पोथीच ती. तरी मी त्या वर्षी हातात घेऊन परत ठेवलं. कारण त्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीची आई उन्हाळ्यात गेली होती.

मुलगी शाळेत यायची, लिहायची, खेळायचीही. फक्त बोलणं कमी. सगळ्यांचं मत होतं, की तिच्यापुढे आई, आजार, मरण असला विषयच नको. मीही विनोदी, हलकं काही शोधत होते आणि 'तोत्तोचान' उचललं. तेत्सुको कुरोयानागींचं, जपानमधलं १९८१ चं पुस्तक. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढलाय. माझ्या सगळ्या परीक्षांत पास. प्रकरणं तीन-चार पानांची, एका बैठकीत दोन होतात. आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा! मुख्याध्यापक कोबायाशी मुलांना डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं आणायला सांगतात. एकानं विचारलं, "आपल्याकडं समुद्र नाही, मंग आपण काय आणाव?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागून आवाज आला, "मीठ." खिचडीत मीठ असतंच. म्हणजे आम्हीही तोमोए शाळेत बसत होतो.

पण ज्यांनी ते वाचलंय त्यांना ठाऊक आहे, की शेवटाकडे यासुआकी-चान मरतो. पोलिओ झालेला मुलगा, तोत्तोचानचा मित्र. तिनं मोठ्या खटपटीनं त्याला झाडावर चढवलेलं असतं, आणि ते प्रकरण तर मुलांनी दोनदा वाचून घेतलं होतं. म्हणजे तो आता आमच्या वर्गातलाच झालेला. ते पान जवळ यायला लागलं तसा मला घोर लागला. गाळावं का? अधिकार वाचणाऱ्याचा आहे, हे मीच वर लिहिलंय. बाई म्हणाल्या, गाळा. बहिणी म्हणाल्या, गाळ. पण गाळलं तर यासुआकी-चानचं काय झालं म्हणून सांगायचं? तो दुसऱ्या गावाला गेला? मोठी माणसं मुलांना असंच सांगतात, आणि मुलांना ते खोटं कळतं.

शेवटी मी मुलीच्या आजीला गाठलं. ती रोज न्यायला यायची, फाटकाजवळ उभी राहायची. सगळं सांगितलं, कोणती गोष्ट, कुठवर आलोय, पुढं काय आहे. म्हटलं, "आजी, तुम्ही नाही म्हणाल तर मी ते वाचणार नाही." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घरात तिच्या मायचं नाव कोणी काढत नाही, पोट्टी रडन म्हणून. मले वाटते तिलेच कोणाशी बोलाव वाटत असन. तुम्ही वाचा, बाई."

वाचलं. आवाज न चढवता, न रडवेला करता, बाकीची प्रकरणं वाचते तसंच. पुस्तकातही ते फार साधं आहे. मुख्याध्यापक स्वतः मुलांना सांगतात, सगळी मुलं मिळून त्याला निरोप द्यायला जातात. तोत्तोचानला आठवतं, की सुट्टीआधी त्यानं आपल्याला एक पुस्तक वाचायला दिलं होतं. वर्ग गप्प होता. दोघं-तिघं रडली, ती नाही रडली. मी त्या दिवशी दुसरं प्रकरण वाचलं नाही. पाच मिनिटं तसेच बसलो आणि घंटा झाली.

पुढच्या खेपेला तास सुटल्यावर ती मागं रेंगाळली. म्हणाली, "तिनं थे पुस्तक वापस केलं काय?"

मी म्हटलं, गोष्टीत लिहिलेलं नाही गं.

"आमच्या घरी शेजारच्या काकूचा डबा हाय. मायनं आणला होता. कोणी देऊन नाही राहिलं."

मी काय बोलणार? म्हटलं, आजीला सांगून बघ. तिनं मान हलवली आणि पळाली.

आठवड्यानं, मी चप्पल काढत होते तेव्हाच, दारात येऊन तिनं सांगितलं, "डबा दिला. आजीनं रिकामा नाही देऊ दिला, लाडू करून दिले." आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. त्या दिवशी मागची गोष्ट तिनं सांगितली. पहिल्यांदाच.

यावरून सगळ्यांनी सगळ्या मुलांना मरणाची प्रकरणं वाचून दाखवावीत असं मी मुळीच म्हणत नाही. दुसऱ्या मुलीला, दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या आजीनं नको म्हटलं असतं, आणि मी गाळलंही असतं. मला इतकंच वाटतं, की लांब पुस्तकाचा हा एक गुण सुट्या गोष्टीत नसतो. दोन महिने एखाद्या पात्राबरोबर राहिल्यावर त्याचं जे होतं ते आपल्या घरात झाल्यासारखं होतं, आणि मग त्याच्याबद्दल बोलता येतं. आपल्या घराबद्दल बोलायला जिथं जीभ उचलत नाही तिथं यासुआकी-चानबद्दल बोलता येतं. म्हणून पुस्तक निवडताना मी आता पहिलं पान बघते तसं शेवटचंही बघते, आणि वर्गात कोण कोण बसणार आहे हेही. पुस्तक आणि सतरंजीवरची मुलं एकदमच निवडावी लागतात. इयत्तेची यादी कामाला येत नाही ती याचमुळे.

'ऐकून ऐकून मुलं आळशी होतात, त्यांना स्वतः वाचू द्या,' असं म्हणणारे भेटतात. स्वतः वाचायला हवंच, त्याला कोण नाही म्हणतंय? त्यासाठी माधुरी पुरंदऱ्यांची 'यश'सारखी पुस्तकं आम्ही दोरीवर टांगून ठेवलीत, 'किशोर'चे जुने अंक ठेवलेत. पण वाचता येणं कशासाठी, हे आधी ठाऊक पाहिजे ना. ज्यानं पुरणपोळी कधी खाल्लीच नाही, त्याला पुरण वाटायला बसवून काय होणार?

असो. फार लांबलं. यंदाच्या पलंगावर 'गोट्या' आहे, ना. धों. ताम्हनकरांचा. दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' आहे. आणि हो, 'श्यामची आई'ही आहे. यंदाच्या वर्गात कोण येणार ते सव्वीस-सत्तावीस चेहरे बघितल्यावर कळेल, तोवर तिन्ही पुस्तकांत पेन्सिलीच्या खुणा करून ठेवतेय. गोट्याचं पहिलं प्रकरण काल मोठ्यानं वाचलं, जीभ कुठंही अडखळली नाही. आतल्या खोलीतून आवाज आला, "पुढं काय झालं?"

नवरा होता. त्याला म्हटलं, उद्या.